गाठोडं घेऊन निघालेली आजी

वाचनपाठ : मध्यम पातळी

वाचण्याआधी

तुम्ही घरच्यांबरोबर लांबच्या प्रवासाला जाता, तेव्हा कुठे थांबायचं हे कोण ठरवतं? आई-बाबा ठरवतात की फोन? गाडीने जाताना चुकीच्या जागी थांबलो, तर फार काही बिघडत नाही. दहा मिनिटांत दुसरी जागा मिळते. पण पायी चालत असाल, डोंगरात असाल आणि अंधार पडत असेल तर? मग मुक्काम कुठे करायचा, हा मोठाच प्रश्न होतो.

आजच्या पाठात एका आजीची गोष्ट आहे. तिचं नाव एमा गेटवुड. अमेरिकेत लोक तिला गेटवुड आजी म्हणून ओळखतात. आपण आपल्या आजीला 'अगं आजी' अशीच हाक मारतो. म्हणून या पाठातही आपण तिच्याबद्दल 'त्या' न म्हणता 'ती' म्हणूया.

१. शेतावरची एमा

एमाचा जन्म २५ ऑक्टोबर १८८७ रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात झाला. घर शेतकऱ्याचं होतं. वडील अमेरिकेच्या यादवी युद्धात लढले होते आणि त्यात त्यांचा एक पाय गेला होता. घरात पंधरा भावंडं. एका पलंगावर चौघं-चौघं झोपायची. काम भरपूर, पैसा कमी. एमाचं शिक्षण आठवीपर्यंतच झालं, पण वाचायची आवड तिला शेवटपर्यंत राहिली.

शेतावर वाढल्यामुळे एक गोष्ट ती न शिकवता शिकली. रानातलं काय खायचं आणि काय नाही, हे तिला कळायचं. कुठली पानं चालतात, कुठली बोरं गोड असतात, जखमेला काय लावायचं, हे सगळं तिला माहीत होतं. हे ज्ञान पुढे पन्नास वर्षांनी तिच्या कामी येणार होतं. तेव्हा मात्र तिला याची कल्पना नव्हती.

१९०७ साली, एकोणिसाव्या वर्षी, तिचं लग्न झालं. नवरा शिक्षक होता. पुढे तो तंबाखूची शेती करू लागला. बाहेरून पाहणाऱ्याला सगळं ठीक वाटलं असतं. पण घरात तो तिला मारायचा. तिचे दात तुटले, बरगडी मोडली. त्या काळी अशा बायकांना कोणी फारशी मदत करत नसे. पोलीसही नवऱ्याचंच ऐकायचे. घरात जीव घुसमटला की एमा रानात जाऊन बसायची. तिथे तिला शांत वाटायचं.

तिला अकरा मुलं झाली. त्यांना वाढवत, शेतात राबत तिने तीस वर्षांहून जास्त काळ काढला. शेवटी १९४१ साली तिला कायद्याने घटस्फोट मिळाला. तेव्हा ती त्रेपन्न वर्षांची होती. धाकटी मुलं अजून मोठी व्हायची होती. ती मोठी होईपर्यंत एमा थांबली.

२. एक जुना अंक

एकदा एमाच्या हातात 'नॅशनल जिऑग्राफिक' मासिकाचा १९४९ सालचा एक अंक आला. त्यात अपालॅचियन ट्रेल या पायवाटेवर लेख होता.

ही पायवाट अमेरिकेच्या पूर्व भागातल्या डोंगरांवरून जाते. दक्षिणेकडे जॉर्जिया राज्यात तिचं एक टोक आणि उत्तरेकडे मेन राज्यात दुसरं. मध्ये चौदा राज्यं लागतात. त्या काळी तिची लांबी सुमारे २,०५० मैल, म्हणजे साधारण ३,३०० किलोमीटर होती. ही सगळी वाट एका दमात चालून जाणारा पहिला माणूस म्हणजे अर्ल शेफर. त्याने हे १९४८ साली केलं. कुठल्याही बाईने मात्र एकटीने ती वाट पुरी केलेली नव्हती.

लेख वाचून एमाला वाटलं, वाट चांगली रुंद आहे, खुणा नीट आहेत आणि दिवसभर चाललं की संध्याकाळी निवारा सापडतो. हा निवारा म्हणजे तीन बाजूंनी भिंती, वर छप्पर आणि पुढची बाजू उघडी. अशी सोय असेल तर अवघड काय आहे? रोज एक टप्पा चालायचा, रात्री झोपायचं, सकाळी पुढे निघायचं.

तिने मनाशी ठरवलं आणि कोणाला काही सांगितलं नाही.

३. पहिला प्रयत्न फसला

जुलै १९५४ मध्ये एमा उत्तरेच्या टोकाला, मेन राज्यात गेली. तिथल्या कटाडिन डोंगरापासून तिने दक्षिणेकडे चालायला सुरुवात केली. वय होतं सहासष्ट.

या सुरुवातीत एक मोठी चूक होती. मेनमधला हा भाग संपूर्ण वाटेवरचा सगळ्यात एकाकी भाग आहे. मैलोन्मैल दाट जंगल, तळी, दलदल आणि डास. गाव नाही, दुकान नाही. दक्षिणेकडून येणारा माणूस इथे पोहोचतो तेव्हा त्याचे पाय चार-पाच महिने चालून तयार झालेले असतात. एमाने सुरुवातच इथून केली.

थोड्याच दिवसांत, रेनबो लेक नावाच्या तळ्याजवळ, ती वाट चुकली. खाणं संपत आलं. चष्मा फुटला. तिने तो चिकटपट्टी लावून कसाबसा जोडला. तिला शोधायला निघालेल्या वनरक्षकांनी तिला सुखरूप परत आणलं आणि घरी जाण्याचा सल्ला दिला.

ती घरी गेली. झालेल्या फजितीबद्दल तिने घरात काही बोलणं केलं नाही. पण पुढच्या वर्षी काय बदलायचं, हे तिला आता कळलं होतं.

४. नवा बेत

दुसऱ्या वेळी तिने दिशा बदलली. दक्षिणेकडून उत्तरेकडे जायचं.

याचं कारण समजून घ्या. दक्षिणेत वसंत ऋतू लवकर येतो. तिथून निघालं की उन्हाळा तुमच्याबरोबर उत्तरेकडे सरकतो. आधी सोपे डोंगर लागतात असं नाही, दक्षिणेतही चढण खडी आहे, पण तिथे गावं जवळ आहेत. काही बिनसलं तर खाली उतरून मदत मिळू शकते. एकच अट असते. मेनमधल्या कटाडिनवर ऑक्टोबरपासून बर्फ आणि वादळं सुरू होतात. त्याआधी तिथे पोहोचायलाच हवं. म्हणजे शेवटचा मुक्काम आधी ठरतो आणि बाकीचे मुक्काम त्याच्या हिशेबाने मागे मागे मांडत यावे लागतात.

३ मे १९५५ रोजी एमा जॉर्जियातल्या माउंट ओगलथॉर्प या डोंगरावरून निघाली. तेव्हा वाटेचं दक्षिण टोक तिथे होतं. मुलांना तिने एवढंच सांगितलं होतं की आपण जरा चालायला जातोय. कुठे आणि किती, हे काही सांगितलं नाही. तेव्हा तिला तेवीस नातवंडं होती.

तिच्याकडे तंबू नव्हता. झोपायची पिशवी नव्हती. पाठीवरची मोठी सॅक नव्हती. जीनच्या कापडाचं एक गाठोडं तिने स्वतः शिवलं होतं. त्याला नाडी होती. ते ती एका खांद्यावर टाकायची. पायात साधे कापडी बूट होते.

गाठोड्यात काय होतं, ते बघा :

- एक लष्करी घोंगडी आणि रेनकोट
- न्हाणीघरात लावतात तो प्लॅस्टिकचा पडदा (पाऊस आला की अंगावर घ्यायला)
- चाकू, बॅटरी, सुई-दोरा, सेफ्टी पिना, चिकटपट्ट्या, आयोडीन
- मनुका, शेंगदाणे, दुधाची पावडर, डब्यातले छोटे सॉसेज
- सपाता आणि एक चौकड्यांचा चांगला झगा

हा झगा कशाला, असं तुम्हाला वाटेल. तिने त्याचाही विचार केला होता. वाटेत खाणं संपलं की डोंगर उतरून गावात जावं लागणार. अनोळखी माणसाच्या दारात उभं राहावं लागणार. अशा वेळी चिखलाने भरलेले कपडे झटकून जरा बरं दिसलं, तर दार उघडण्याची शक्यता वाढते. सगळं ओझं मिळून क्वचितच वीस पौंडांच्या, म्हणजे नऊ किलोंच्या वर जायचं.

५. मुक्कामांचा हिशेब

वाटेवर पाऊल ठेवल्यावर तिला कळलं की मासिकातली वाट आणि पायाखालची वाट एक नाही. किती तरी ठिकाणी झाडं आडवी पडली होती. कुठे खुणा पुसल्या होत्या, कुठे गवत कमरेएवढं वाढलं होतं. काही निवारे जळून गेले होते, काही कोसळले होते. रोज संध्याकाळी छप्पर मिळेल, हा बेत पहिल्या काही आठवड्यांतच मोडला.

मग तिने काय केलं? जिथे जसं मिळेल तसं थांबली. कधी निवाऱ्यात झोपली. कधी कोणाच्या घरी पलंग मिळाला, कधी फक्त पडवी. कधी सहलीच्या जागी असलेल्या लाकडी बाकावर. काहीच नसेल तेव्हा वाळलेल्या पानांचा ढीग करून त्यावर. थंडी फार असेल तर ती सपाट दगड विस्तवात तापवायची आणि त्यांच्यावर पडून राहायची. दगड रात्री बराच वेळ गरम राहतात.

काही लोकांनी तिला प्रेमाने जेवू घातलं. काहींनी दार लावून घेतलं. घरदार सोडून एकटी हिंडणारी ही म्हातारी कोण, अशी त्यांना शंका यायची. नकार मिळाला की ती पुढे चालू लागायची.

आता वाट वाकडी करण्याबद्दल बोलूया. 'वाट वाकडी करणे' म्हणजे आपला सरळ रस्ता सोडून दुसरीकडे जाऊन येणं. डोंगरात याची किंमत मोजावी लागते. एमा सरासरी रोज चौदा मैल, म्हणजे साधारण साडेबावीस किलोमीटर चालत होती. समजा, दुकान वाटेपासून तीन किलोमीटर खाली आहे. जाऊन-येऊन सहा किलोमीटर झाले. म्हणजे दिवसाच्या चालीतला चौथा हिस्सा गेला. शिवाय जेवढं उतरलो, तेवढंच पुन्हा चढायचं, तेही भरलेलं गाठोडं घेऊन. म्हणून पायी जाणारा माणूस प्रत्येक वेळी तोलून बघतो. खाली गेलं तर वेळ जातो. नाही गेलं तर पोट रिकामं राहतं.

इथे तिचं लहानपणचं शिक्षण उपयोगी पडलं. वाटेच्या कडेला रानबोरं आणि खाण्याजोगा पाला मिळाला, तर ती तेवढ्यावर भागवायची. त्यामुळे गावात उतरण्याच्या काही खेपा वाचायच्या.

६. पेपरात नाव आलं

व्हर्जिनिया राज्यात पोहोचेपर्यंत ती कोण, हे कोणाला ठाऊक नव्हतं. जूनमध्ये तिथल्या वार्ताहरांना तिची कुणकुण लागली. सदुसष्ट वर्षांची आजी एकटी जॉर्जियाहून मेनला चालत निघाली आहे, अशी बातमी छापून आली. मग गावोगावचे वार्ताहर तिला गाठू लागले. घरच्यांनाही ती नेमकं काय करतेय, ते तेव्हाच समजलं.

याचा फायदाही झाला आणि त्रासही. लोक ओळखू लागले, घरी बोलावू लागले. जेवण आणि बिछाना मिळणं सोपं झालं. पण फोटो काढायला आणि प्रश्नांची उत्तरं द्यायला थांबावं लागायचं. इकडे ऑक्टोबर जवळ येत होता.

ऑगस्टमध्ये खरी परीक्षा झाली. 'कॉनी' आणि 'डायान' अशी दोन चक्रीवादळं एकामागून एक आली. पूर्वेकडच्या राज्यांत महापूर आला आणि पुष्कळ माणसं दगावली. एमा तेव्हा डोंगरात होती. कपडे वाळायला वेळच मिळेना. एरवी उडी मारून ओलांडावा असा ओढा नदीसारखा वाहू लागला. व्हर्माँटमध्ये एका ठिकाणी पूल वाहून गेला होता. पाण्याला एवढी ओढ होती की एकटीने पलीकडे जाणं शक्यच नव्हतं. तिला थांबावं लागलं. सुदैवाने दोन तरुण त्याच वाटेने आले. त्यांनी तिघांना एका दोरीने बांधलं, तिला मध्ये घेतलं आणि सगळे हळूहळू पार झाले.

इथे एक लक्षात घ्या. पाच महिने ती हट्टाने चालत होती. पण त्या पाण्यात तिने एकटीने पाय घातला नाही. कुठे पुढे जायचं नाही, हे कळणंही बेताचाच भाग असतो.

७. शेवटचा डोंगर

सप्टेंबरमध्ये ती मेन राज्यात पोहोचली. मागच्या वर्षी जिथे ती हरली होती, तोच हा भाग. केनेबेक नदी तिने होडीतून ओलांडली. या वाटेवर पाय मुरगळला. चष्मा पुन्हा फुटला. समोरचं धूसर दिसत होतं आणि दगड ओले होते. तरी ती एकेक पाऊल चाचपत पुढे जात राहिली.

२५ सप्टेंबर १९५५ रोजी एमा गेटवुड कटाडिन डोंगराच्या माथ्यावर उभी राहिली. निघाल्यापासून तो १४६ वा दिवस होता. कापडी बुटांचे सहा-सात जोड झिजून गेले होते. वर थंडी होती, वारा होता, आणि टाळ्या वाजवायला कोणी नव्हतं. तिने देशाच्या एका गाण्याचं पहिलं कडवं म्हटलं, माथ्यावरच्या वहीत सही केली आणि खाली उतरली.

संपूर्ण अपालॅचियन ट्रेल एका दमात एकटीने चालणारी ती पहिली स्त्री ठरली.

पुढे तिने वार्ताहरांना खरं ते सांगितलं. वाट वाईट अवस्थेत आहे, निवारे मोडले आहेत, आणि एवढं कठीण आहे हे आधी ठाऊक असतं तर आपण निघालोच नसतो, असं ती म्हणाली. पण एकदा निघाल्यावर सोडून देणं तिला जमण्यासारखं नव्हतं. तिच्या बोलण्याने लोकांचं त्या वाटेकडे लक्ष गेलं आणि तिची निगा राखली जावी, ही गरज अनेकांना पटली.

८. पुन्हा आणि पुन्हा

तुम्हाला वाटेल, एवढं झाल्यावर आजी घरी बसली असेल. नाही. १९५७ साली तिने तीच वाट पुन्हा पहिल्यापासून चालून काढली. १९५९ साली, एकाहत्तराव्या वर्षी, ती मिसुरी राज्यातल्या इंडिपेंडन्स गावापासून ओरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहरापर्यंत सुमारे २,००० मैल चालत गेली. सत्तरी ओलांडल्यावर तिने अपालॅचियन ट्रेल तिसऱ्यांदाही पूर्ण केली, पण या वेळी तुकड्यातुकड्याने. तीनदा ही वाट पुरी करणारी ती पहिलीच व्यक्ती होती.

आपल्या ओहायो राज्यात 'बकाय ट्रेल' नावाची लांब पायवाट तयार होत होती. तिच्या आखणीत आजीने हातभार लावला. झाडांवर रंगाच्या खुणा करत ती स्वतः हिंडली. ज्या बाईला खुणा पुसल्यामुळे वाट चुकण्याचा अनुभव होता, तिने दुसऱ्यांसाठी खुणा केल्या.

४ जून १९७३ रोजी ती वारली. तेव्हा ती पंचाऐंशी वर्षांची होती. ओहायोतल्या हॉकिंग हिल्स भागात सहा मैलांच्या एका पायवाटेला आज तिचं नाव आहे. दर वर्षी जानेवारीत तिथे हजारो माणसं थंडीत चालायला जमतात.

आता अपालॅचियन ट्रेल २,१९० मैलांहून जास्त लांब आहे. चालणाऱ्यांकडे नकाशे असतात, फोनवर पाण्याच्या जागा दिसतात, निवारेही अडीचशेहून जास्त आहेत. तरी प्रश्न तेच आहेत. आज कुठवर जायचं? पाणी कुठे मिळेल? खाली गावात उतरायचं की पुढे जायचं? या प्रश्नांची उत्तरं एमाआजीने रोज नव्याने शोधली, १४६ दिवस.

शब्दार्थ

मुक्काम : प्रवासात रात्री राहणं, किंवा राहण्याची जागा
निवारा : ऊन, पाऊस, थंडीपासून आसरा देणारी जागा
गाठोडं : कापडात बांधलेलं सामान
पडवी : घराबाहेरची, छपराखालची मोकळी जागा
खेप : एकदा जाऊन येणं
चाचपणे : हाताने किंवा पायाने अंदाज घेणे
निगा राखणे : काळजी घेणे
कुणकुण लागणे : एखादी गोष्ट थोडीशी कळणे

विचार करा आणि लिहा

१. एमाचा १९५४ सालचा बेत का फसला? दोन कारणं लिहा.
२. तिने गाठोड्यात चांगला झगा का ठेवला होता?
३. उत्तरेकडे तोंड करून निघण्याचे फायदे कोणते?
४. 'वाट वाकडी करणे' हा वाक्प्रचार वापरून तुमच्या स्वतःच्या प्रवासाबद्दल तीन वाक्यं लिहा.
५. तुमच्या गावाजवळ चालण्याची एखादी वाट आहे का? घरच्यांबरोबर नकाशा बघा. दोन दिवस चालायचं असेल तर मुक्काम कुठे कराल, पाणी कुठे भराल आणि कुठे वाट वाकडी कराल, ते ठरवा. पुढच्या तासाला वर्गात मराठीतून सांगा.
६. घरातल्या आजीला किंवा आजोबांना फोन करा. लहानपणी ते कुठपर्यंत पायी जायचे, हे विचारा आणि पाच-सहा ओळींत लिहा.